पान सात, खाली डावीकडे

मथळ्याच्या शेवटी ते प्रश्नचिन्ह मीच ठेवलं.
मोमिनपुऱ्यात मध्यरात्री उतरली पोती, कशाची?
चौदा मे, रात्रीचा एक, प्रेसचा फोन वाजत होता,
आणि प्रश्नचिन्ह म्हणजे बातमीचं मागचं दार,
आग लागली की तिथून निघता येतं.

फोटो अंधारा. एक मॅटाडोर, तीन टोप्या,
पोत्याच्या तोंडातून काहीतरी पिवळट डोकावणारं.
आठ कॉलम.
डोर्लीकर सर म्हणाले, आपण कुठं काय म्हटलंय?
विचारलंय फक्त.

सकाळी गांधीबागेतल्या पोह्याच्या ठेल्यावर
लोकांनी उत्तरं दिली.
एकानं ऐकलं होतं, दुसऱ्यानं पाहिलं होतं,
तिसऱ्याचा साळा पोलिसात होता.
तर्रीचा थेंब पडला फोटोवर, तरी कोणी पुसला नाही.
दुपारी सत्तेचाळीस डिग्रीत
जहूर मन्सूरीच्या दुकानाचं शटर
बाहेरून कोणीतरी ठोकत राहिलं, बराच वेळ,
दगडानं की हातानं, ते आमच्या वार्ताहराला कळलं नाही.
तो तिथं गेलाच नव्हता.

पोत्यांत कूलरची घास होती.
लाकडाची, कुरळी, ताटीत ठोकून बसवतात ती.
दिवसा त्या गल्लीत गाडी वळत नाही,
दिवसा हमालाचे तळवे भाजतात,
म्हणून रात्री.
हे विचारायला एक फोन पुरला असता.
नंबर माझ्या खणात होता,
एप्रिलच्या बिलावर, आमच्याच ऑफिसचे चार कूलर,
दोन हजार चारशे, बाकी.
त्याच ओल्या घासेतून येणाऱ्या वाऱ्यात बसून
मी तो मथळा दोनदा वाचला होता
आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासलं होतं.

खुलासा नवव्या दिवशी. पान सात, खाली डावीकडे,
गटारलाइनच्या निविदेखाली,
हरवलेल्या गुणपत्रिकेच्या वर. चार सेंटिमीटर.
मी लिहिलं होतं, आमची बातमी खोटी होती.
छापून आलं, अनवधानाने,
आणि भावना दुखावल्या असल्यास.
असल्यास. म्हणजे पुन्हा तेच मागचं दार,
फक्त रंग दिलेलं.

कात्रण घेऊन मीच गेले.
तो ताटीला खिळे मारत होता, तोंडात तीन खिळे,
म्हणून वाचायला मुलीला बोलावलं.
नुजहत, आठवीतली, शाळेत धडा वाचतात तशी
उभी राहून वाचू लागली, आणि अडली.
अब्बा, हे जहीर कोण?

त्यानं खिळे हातावर काढले.
"जहीर तं शिवणकामवाला, तिकडच्या गल्लीत.
तरीच म्हटलं, कालपासून त्याच्या घरी
लोक काहून मुबारक द्याले जाऊन राहिले."
मुलगी हसली. तो नाही हसला.
मला पाणी विचारलं नाही,
का विचारावं?
ठोकत राहिला. मग ताटी उन्हाकडे धरून
घासेत कुठं भोक राहिलं ते पाहत म्हणाला,
"तुमच्या ऑफिसात माझं बिल आहे ना, मॅडम?
त्याच्यावर पहा. नाव बरोबर आहे त्याच्यावर."

दुसरी वेलांटी काढायची, दुसरा ऊकार लावायचा.
एवढंच काम. ते मी केलं.
असल्यास खोडलं. अनवधानाने खोडलं.
पान सात खोडून पान एक लिहिलं,
बिलावर पेन्सिलनं खूण करून ते कॅशियरच्या टेबलावर ठेवलं.
डोर्लीकर सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
खुलाशाचा खुलासा?
लोक हसतील. उद्या बघू.

एक वाजून दहा. प्रेसचा फोन वाजतोय.
तीन नंबरचा कूलर खडखडतो आहे,
अंगावर येतोय लाकडाचा ओला वास.
पान अजून मी सोडलेलं नाही.